धबधबा बंद आहे का? लेकरांना जंगल-पाणी दाखवायला निघालेल्यांचे प्रश्न

मागच्या अंकात मी सहज एक ओळ टाकली होती, सुट्टीत लेकरांना कुठं न्यायचं यावर काही विचारायचं असेल तर कळवा म्हणून. व्हॉट्सअपवर नुसता पाऊस पडला बघा. वॉटरपार्क, मॉल, रिसॉर्टवाले प्रश्न बाजूला ठेवलेत, ज्यांना लेकरांना झाडं, पाणी, पक्षी असलं काही दाखवायचंय तेवढेच घेतलेत. नावं छापत नाही, गावं छापते.

परभणीहून एक आई विचारतात: मुलगी चौथीत, मुलगा सातवीत. मे महिन्यात ह्यांना आठ दिवस सुट्टी मिळते. हे म्हणतात महाबळेश्वर, मला तिथली गर्दी नको वाटते. आपलाच सहस्रकुंडाचा धबधबा आणि माहूर करावं का, म्हणजे जवळही पडेल आणि खर्चही कमी?

ताई, हा उद्योग मी करून बसलेय म्हणून आधी माझंच ऐका. असाच मे महिना होता, नांदेडहून सकाळी निघालो, इस्लापूर येईपर्यंत अकरा वाजून गेले, ऊन मी म्हणत होतं. पैनगंगेचं पात्र म्हणजे नुसता काळा कातळ, हंडे पालथे घालून ठेवल्यासारखा, आणि मधल्या एका फटीतून घरच्या नळाएवढी धार. माझा धाकटा तेव्हा सहा वर्षांचा. त्यानं ते नीट बघून घेतलं आणि मला विचारलं, आई, धबधबा बंद आहे का? त्याला वाटलं बागेतल्या कारंज्यासारखं कुणीतरी बटण दाबून बंद केलंय आणि संध्याकाळी चालू करणार. मला हसू आलं आणि ह्यांना राग आला, कारण डिझेल त्यांनी टाकलं होतं. त्याच ठिकाणी पुढं सप्टेंबरच्या शेवटी गेलो तर गाडीतून उतरल्या उतरल्याच आवाज यायला लागला, पोरगं गप. एकदम गप. मला वाटतं त्याच्या आयुष्यात तो पहिल्यांदा एवढा वेळ गप्प बसला असेल.

तर माझं म्हणणं एवढंच आहे की ठिकाण नंतर ठरवा, आधी महिना बघा. आपली अडचण अशी आहे की शाळेला सगळ्यात मोठी सुट्टी नेमकी तेव्हा असते जेव्हा आपला मराठवाडा सगळ्यात उघडाबोडका असतो. आपल्याकडचे धबधबे ऑगस्ट ते ऑक्टोबर, सीताफळं आणि गुडघाभर गवत दिवाळीच्या आगेमागे, पाहुणे पक्षी डिसेंबर ते फेब्रुवारी, पळस फुलतो फेब्रुवारी-मार्चमध्ये तेव्हा लेकरांच्या परीक्षा. आणि मे महिन्यात ४२-४३ डिग्री. मग मे महिन्यात मोठी ट्रिप करायचीच असेल तर सरळ बाहेर पडा आणि जवळचं जे आहे ते पावसाळा-हिवाळ्यातल्या शनिवार-रविवारसाठी राखून ठेवा. आपण करतो उलटं, मे महिन्यात जवळ जातो आणि दिवाळीत लांब.

तुमच्यासाठी मला दोन जागा सुचतात. एक चिखलदरा आणि त्याच्या खालचं मेळघाट. परभणीहून पूर्णा-अकोला लाईननं अकोल्यापर्यंत रेल्वे आहे, पुढं परतवाड्यावरून घाट चढायचा. उंची अकराशे मीटरच्या आसपास, त्यामुळं रात्री अंगावर पांघरूण लागतं, दुपारी मात्र तिथंही ऊन लागतं हे आधीच सांगते, नाहीतर मला नावं ठेवाल. महाराष्ट्रात कॉफीची झाडं बघायची तर इथंच, लेकरांना घरात बाटलीतली पावडर माहीत असते, झाडाला ते फळ लागतं हे बघून त्यांना गंमत वाटते. १९७३ साली देशात व्याघ्र प्रकल्प सुरू झाला तेव्हा जी पहिली नऊ जंगलं निवडली त्यात मेळघाट होतं. वाघ दिसेल या आशेनं मात्र इथं जाऊ नका, डोंगराळ आणि दाट जंगल आहे, सहज दिसत नाही. सेमाडोहकडं सिपना नदीच्या काठाला एक अख्खी सकाळ काढा, बस.

दुसरी जागा भंडारदरा, पण ती मेच्या अगदी शेवटच्या आठवड्यात किंवा जूनच्या पहिल्या. कारण तेव्हा काजवे असतात. पाऊस पडायच्या आधीचे दोन-तीन आठवडे कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याच्या त्या पट्ट्यात हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ असल्या झाडांवर हजारो काजवे एका लयीत लुकलुकतात, आख्खं झाड लागतं आणि विझतं. हे काजवे म्हणजे नर-मादीचं एकमेकांना बोलावणं आहे, म्हणून तिथं टॉर्च, मोबाईलचा फ्लॅश, गाडीचे हेडलाईट म्हणजे त्यांच्या बोलण्यात भोंगा वाजवणं. लेकरांना हे आधी घरी सांगून न्या, ती पाळतात, मोठी माणसंच पाळत नाहीत. शनिवार-रविवारी तिथं गाड्यांची रांग लागते म्हणून मंगळवार-बुधवार धरा. आणि परभणीहून एका दमात जाऊ नका, मधे संभाजीनगरला मुक्काम करा, लेकरं गाडीत बारा तास बसली की निसर्ग वगैरे काही नको होतं त्यांना, फक्त उतरायचं असतं.

सहस्रकुंडाचं पुढं नांदेडच्या पत्रात सांगितलंय, ते वाचा.

लातूरहून एक बाबा: मुलं सहा आणि अकरा वर्षांची. दोघांनाही वाघच बघायचाय. ताडोबा करू की टिपेश्वर? आणि वाघ नाही दिसला तर रडारड होईल त्याचं काय?

आधी रडारडीचं बघू, कारण खरा प्रश्न तोच आहे. तुम्ही घरून निघतानाच "वाघ बघायला चाललोय" म्हणालात तर रडारड पक्की. "जंगल बघायला चाललोय, वाघाचं घर आहे ते, तो घरी असेल की नाही माहीत नाही" असं म्हणा. आम्ही ताडोबात पहिल्या फेरीत वाघ बघितला नाही, पण गाईडनं गाडी थांबवून मातीत उमटलेला पंजा दाखवला आणि पोरांना म्हणाला, कडा बघा, अजून ढासळल्या नाहीत, म्हणजे सकाळचाच आहे. मग वानर झाडावरून खॅक खॅक ओरडायला लागलं, लगेच चितळाचा आवाज आला, गाडीतले सगळे श्वास धरून. वाघ काही आला नाही. पण माझी मोठी आजसुद्धा कुठं वानर ओरडलं की मान वर करते. तर जायच्या आधी युट्यूबवर चितळाचा आणि वानराचा इशाऱ्याचा आवाज ऐकवून ठेवा, म्हणजे लेकरांना तिथं काहीतरी काम असतं, नुसतं बघत बसायचं नसतं.

आता ताडोबा की टिपेश्वर. ताडोबा हे १९५५ चं, महाराष्ट्रातलं पहिलं राष्ट्रीय उद्यान, वाघ दिसण्याची शक्यता चांगली, पण बुकिंग लवकर संपतं, मंगळवारी बंद असतं, आणि कोअरचा, म्हणजे आतल्या मुख्य जंगलाचा भाग पावसाळ्यात जुलै ते सप्टेंबर बंद. लातूरहून अंतरही दांडगं आहे. टिपेश्वर यवतमाळ जिल्ह्यात पांढरकवड्याजवळ, साधारण १४८ चौरस किलोमीटरचं, म्हणजे आटोपशीर, आणि नांदेड-किनवट-आदिलाबाद असं गेलात तर रस्त्यातच सागाचं जंगल लागतं. सहा वर्षांच्या लेकरासाठी मी टिपेश्वर म्हणेन. पसारा कमी, गर्दी कमी.

सहा वर्षांच्या पोराला सफारी जड जाते हेही सांगून ठेवते. पहाटे साडेचारला उठवायचं, उघड्या जिप्सीत तीन-चार तास, आत खाली उतरता येत नाही, सू लागली तर पंचाईत. म्हणून गेटवर जाऊन आल्याशिवाय गाडीत बसू देऊ नका, दूध पाजून नेऊ नका, फारतर दोन बिस्किटं. मोबाईल आत नेऊ देत नाहीत, तर त्याचा तमाशा आधीच्या रात्री करून घ्या. हिवाळ्यात पहाटे जिप्सीत बोचरा वारा लागतो, कानटोपी आणि एक जुनं ब्लँकेट. उन्हाळ्यात पाणवठ्यावर जनावर दिसायची शक्यता जास्त हे खरं आहे, पण चंद्रपूरकडचं मे महिन्याचं ऊन म्हणजे ४५ च्या पुढं. लहान पोर घेऊन मी जाणार नाही. मार्चमध्ये परीक्षा लवकर संपल्या तर तेव्हा, नाहीतर दिवाळीनंतर. आणि दोन फेऱ्या पुरेत, कुणी चार घ्या म्हणालं तरी दोनच.

छत्रपती संभाजीनगरहून एक आई: दोघांची नोकरी, मोठी सुट्टी मिळतच नाही. लेकरं (नऊ आणि बारा) रविवारभर मोबाईलवर. एका दिवसात होईल असं काही सांगा, पण तिथं जाऊनही परत मोबाईलच बघत बसली तर?

तुम्ही संभाजीनगरला राहता आणि एका दिवसात कुठं जायचं विचारता, अहो आम्हा बाकीच्या मराठवाड्याला तुमचा हेवा वाटतो.

माझी पहिली पसंती नाथसागर, म्हणजे जायकवाडीचं बॅकवॉटर. १९७६ ला धरण झालं आणि १९८६ ला त्याला पक्षी अभयारण्याचा दर्जा मिळाला. पैठण तासा-सव्वा तासावर. पण लोक काय करतात, धरणाची भिंत बघतात, उद्यानात चक्कर मारतात, जेवतात आणि परत येतात. पक्षी असतात तिकडं मागं, पाणीकाठच्या गावांकडं. पाऊसकाळ चांगला झाला की दिवाळीपर्यंत धरण तुडुंब असतं, तेव्हा पक्षी पांगलेले असतात. जानेवारी-फेब्रुवारीत पाणी ओसरायला लागलं की काठाला चिखल उघडा पडतो, त्या चिखलात किडे, शिंपले, गवताची मुळं, आणि मग तिथं पंगत बसते. रोहित म्हणजे फ्लेमिंगो, पट्टकदंब, चमचे, चक्रवाक, थापट्या बदकं, करकोचे. हे पट्टकदंब हिमालय ओलांडून येतात, त्यांच्या डोक्यावर मागं दोन काळे पट्टे असतात, ते दुर्बिणीतून दिसले की लेकरांना ओळख पटते. फ्लेमिंगो गुलाबी का, तर खातात त्या शेवाळातला आणि बारीक कोळंबीतला रंग त्यांच्या पिसांत उतरतो, हे सांगितल्यावर माझ्या धाकट्यानं विचारलं होतं की मग मी रोज पालक खाल्ला तर? मी म्हटलं खाऊन बघ की.

मोबाईलचं असं आहे की तो हिसकावून घेतला की दिवसभर तोच डोक्यात राहतो. त्याऐवजी हातात दुसरं काही द्या. एक दुर्बीण घ्या, आठ बाय चाळीसची साधी, महाग नको, आणि दोघांत एकच घ्या. दोन घेतल्या तर दोघंही पाच मिनिटांत गळ्यात अडकवून विसरतात. एकच असली की भांडतात, "आता माझी पाळी" म्हणून, आणि ज्याची पाळी येते तो जीव ओतून बघतो. आम्ही एकदा धुक्यात सकाळी सातला पोचलो, काहीच दिसेना, सगळं दुधासारखं. लेकरं कंटाळून काठावर बसली आणि मोठीला वाळूत नरसाळ्यासारखे छोटे छोटे खड्डे दिसले. त्या खड्ड्याच्या तळाशी एक किडा दबा धरून बसलेला असतो, मुंगी घसरली की खालून वाळू उडवून तिला ओढतो. एक मुंगी घसरली, दोनदा वर चढली, तिसऱ्यांदा गेली. तासभर दोघी-तिघं पोरं पालथी पडून ते बघत होती, धुकं निघून गेलं, मागं पाण्यावर शे-दोनशे पक्षी उतरले होते आणि पोरांचं लक्ष नाही. ह्यांनी हाका मारल्या तर "थांबा हो बाबा" म्हणे. मी म्हटलं असू द्या.

दुसरं गौताळा. कन्नडच्या पुढं, साधारण २६० चौरस किलोमीटरचं अभयारण्य, हेही १९८६ चंच. इथं मात्र ऑगस्ट-सप्टेंबर. सगळा डोंगर हिरवागार, सीतान्हाणीचं पाणी, तलाव, आणि पितळखोऱ्याची लेणी, अजिंठ्याच्या सुरुवातीच्या लेण्यांइतकीच जुनी, इसवी सनापूर्वीची. खाली उतरायला पायऱ्या आहेत, पावसात निसरड्या असतात, स्लिपर घालून आणू नका कुणाला. लेण्यांच्या बाजूला मधमाशांची पोळी असू शकतात, तिथं सेंट मारून जायचं नाही, धूर करायचा नाही, ओरडायचं नाही. पोरांना एक गोष्ट नक्की सांगा की २०२१ च्या मार्चमध्ये याच जंगलात कॅमेऱ्यात वाघ सापडला, १९४० नंतर पहिल्यांदा, आणि तो टिपेश्वरहून चालत आला होता. आम्ही गाडी करून टिपेश्वरला जातो आणि वाघ पायी आपल्याकडं येतो.

एका दिवसात नाथसागर आणि अजिंठा आणि वेरूळ असलं काही करू नका. एक दिवस एक जागा.

जालन्याहून: लोणार लहान लेकरांना कळेल का? नुसता खड्डाच आहे म्हणतात.

कोण म्हणतं त्यांना एकदा काठावर उभं करा. १.८ किलोमीटर व्यासाचा खड्डा आहे तो, उल्का पडून झालेला, आणि काळ्या बेसाल्ट दगडात असा खड्डा जगात फार दुर्मिळ. लेकरांना घरी परातीत पीठ पसरून त्यात वरून लिंबू टाकायला लावा, कड कशी उचलून येते बघायला लावा, मग न्या. कळतं. तळ्याचं पाणी खारं आणि सोड्यासारखं, त्यात मासे नाहीत, आणि जून २०२० मध्ये ते गुलाबी झालं होतं, मीठ वाढल्यावर फोफावणाऱ्या सूक्ष्मजीवांमुळं. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ते रामसरच्या, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत गेलं. सकाळी सातला उतरायला लागा, खाली झाडी आहे, मोर आहेत, वानरं आहेत, पण परत वर चढायचंय हे विसरून दहापर्यंत खाली रेंगाळलात तर कडेवर घेऊन चढावं लागेल. पाणी माणशी दीड लिटर. मेमध्ये नको.

नांदेडहून एक सूनबाई: दिवाळीत सासू-सासरे, आम्ही दोघं, नणंदेची दोन आणि आमची दोन लेकरं असं सगळं लटांबर निघणार आहे. सहस्रकुंडला जावं म्हणतोय. सासूबाईंचे गुडघे दुखतात.

दिवाळी म्हणजे बरोबर वेळ. पाऊस बरा झाला असेल तर तेव्हाही भरपूर पाणी असतं. एका काठाला आपला नांदेड जिल्हा आणि पलीकडं यवतमाळ, म्हणजे मराठवाड्यात उभं राहून विदर्भ बघायचा. सासूबाईंना फार चालायला नको, वरच्या बाजूनं बसून दिसतं, फक्त एक फोल्डिंगची खुर्ची घेऊन जा, दगडावर बसायला सांगू नका, त्या बसतील आणि मग उठवायला तिघं लागतील.

आता जरा रागावून लिहिते. वर ईसापूरचं धरण आहे, तिथून पाणी सोडलं की इथं पात्र बघता बघता चढतं. कातळ शेवाळलेला असतो. मागच्या वेळी आमच्या शेजारी एक कुटुंब होतं, त्यातले बाप लेकराला कठड्याच्या पलीकडं उभं करून "हास, हास" म्हणत फोटो काढत होते. लेकरू भ्यालेलं, हसेना. तुमच्यात चार लेकरं आहेत तर घरूनच ठरवा की कोणतं लेकरू कुणाच्या ताब्यात, नाव घेऊन. "सगळे लक्ष ठेवा" म्हटलं की कुणीच ठेवत नाही. पाण्यात पाय बुडवायची हौस असेल तर वरच्या अंगाला गावकऱ्यांना विचारून उथळ जागी, आणि ते नको म्हणाले तर नको.

एसटीनं निघालात तर हिशोब करून बघा, बायकांना २०२३ पासून अर्धं तिकीट आहे, पाच ते बारा वर्षांच्या लेकरांना अर्धं, सासरे पंचाहत्तरीच्या पुढचे असतील तर त्यांना फुकट, एवढ्या लटांबराला गाडी ठरवण्यापेक्षा बरंच स्वस्त पडतं. पण परतीची शेवटची गाडी कधीची ते उतरतानाच कंडक्टरला विचारून ठेवा. जेवण घरून न्या. दशम्या, धपाटे, शेंगदाण्याची चटणी, कांदा. धपाटे दोन दिवस टिकतात आणि लेकरं गारच खातात.

बीड जिल्ह्यातून एक बाबा लिहितात: ऊसतोडीच्या हंगामात आम्ही बाहेर, बाकीच्या दिवसांत शेती. ट्रिप वगैरेला पैसे नाहीत. पण लेक सहावीत आहे, वर्गातल्या पोरी सुट्टीचं सांगतात तेव्हा तिला सांगायला काही नसतं. काय करता येईल?

भाऊ, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. तुमच्या जिल्ह्यात जे आहे ते बघायला लोक पुण्याहून गाड्या करून येतात, आणि तुम्हाला ते एसटीच्या तिकिटात आहे.

पाटोदा तालुक्यात नायगावचं मयूर अभयारण्य आहे. लेकीला जुलैमध्ये न्या, पहिले पाऊस झाले की, पहाटे. तेव्हा मोर नाचतात. दिवाळीत नेलंत तर मोर दिसतील पण पिसारा नसेल, विणीचा हंगाम संपला की तो गळून जातो आणि नवा यायला महिने लागतात. हे शहरातल्या पोरींना माहीत नसतं, तिला सांगू द्या वर्गात. पाटोद्याकडंच सौताडा, खाली दरीत रामेश्वराचं देऊळ आणि समोर धबधबा, ऑगस्ट-सप्टेंबरात. मांजरसुंब्याजवळ कपिलधार, मन्मथ स्वामींची समाधी, तिथंही पाणी. तिन्हीत तुम्हाला रोजगार बुडवून दोन दिवस लागत नाहीत, एक दिवस पुरतो.

ऑक्टोबरमध्ये, कारखान्याला निघायच्या आधी, बालाघाटावर सीताफळं असतात. तुम्हाला ते रोजचं, पण बीडच्या सीताफळाला भौगोलिक मानांकन आहे, म्हणजे सरकारी शिक्का की हे इथलंच. लेकीला डोळे उघडलेलं फळ आणि कच्चं फळ ओळखायला शिकवा, तुम्हाला येतंच.

आणि आभाळ. हे मी गंमत म्हणून सांगत नाही. शहरातल्या लेकरांना दिव्यांमुळं पंचवीस-तीस तारे दिसतात, तुमच्या फडावर, पालावर किंवा शेतात झोपलं की आभाळ भरलेलं असतं. १३ आणि १४ डिसेंबरच्या रात्री मिथुन राशीच्या बाजूनं उल्का पडतात, दरवर्षी, चंद्र नसेल तर मध्यरात्रीनंतर तासाला डझनावारी सहज. थंडी असते, वाकळ घेऊन पडायचं आणि मोजायचं. आपल्याकडची म्हातारी माणसं तिकांडं दाखवतात, तीन तारे एका ओळीत, ते मृग नक्षत्रातले, आणि सप्तर्षीला बाजलं म्हणतात. तुमच्या आईला विचारा, त्यांना वेळ कळायची त्यावरून. लेकीला एक वही द्या, त्यात तारीख टाकून किती उल्का मोजल्या ते लिहू द्या. वर्गात सांगायला ती वही पुरेल. ती वही झाली की मला दोन पानांचा फोटो पाठवा, अंकात छापू.

हिंगोलीहून: जंगलात साप चावला तर? घरात फक्त याच कारणावरून कुठं जाणं होत नाही.

साप तुमच्या शेतातही आहेत, जंगलात जास्त आहेत असं नाही. नाग, मण्यार, घोणस, फुरसं हे चार विषारी, बाकी बहुतेक बिनविषारी. बूट, पायभर पँट, अंधारात टॉर्च, दगडाखाली हात घालायचा नाही. चावलाच तर पाय किंवा हात हलवू द्यायचा नाही, दोरी करकचून बांधायची नाही, चिरायचं नाही, चोखायचं नाही, १०८ ला फोन आणि सरळ मोठ्या सरकारी दवाखान्यात. मांत्रिकाकडं अर्धा तास घालवायचा नाही. निघायच्या आधी ज्या गावाला जाताय तिथला जवळचा मोठा दवाखाना कोणता ते विचारून ठेवा. एवढं करा आणि निघा.

धाराशिवहून एक आई: मुलगी चौदा वर्षांची. कुठंही चल म्हटलं की "बोअर होतं". धाकटा दहाचा, तो उड्या मारत तयार. तिला घरी ठेवून जावं का?

घरी ठेवू नका आणि ओढूनही नेऊ नका. चौदाव्या वर्षी मला कुणी "चल निसर्ग बघू" म्हटलं असतं तर मीही तोंड फिरवलं असतं. या वयात त्यांना लहान लेकरांत मोजलेलं चालत नाही, एवढंच दुखणं असतं बहुतेक वेळा. आमच्याकडं हा उपाय चालला: ठिकाण तीच ठरवणार, आम्ही फक्त पैशाचा आकडा आणि तारखा सांगायच्या. पहिल्यांदा तिनं मुद्दाम अवघड काढलं, बसनं, दोन गाड्या बदलून. गेलो. पाय दुखले, एक गाडी चुकली, स्टँडवर दोन तास बसलो, तिथं तिनंच चौकशी करून दुसरी गाडी शोधली. त्या ट्रिपची गोष्ट ती आजही सांगते, जंगलाची कमी आणि गाडीची जास्त.

तुमच्या धाराशिवला तर तिला गुंतवायला आयतं कारण आहे. येडशीचं रामलिंग अभयारण्य, छोटंसंच, साधारण २२ चौरस किलोमीटरचं. सगळे तिथं देवळात जातात, वानरांना केळी टाकतात (टाकू नका) आणि येतात. आणि त्याच जंगलात २०२४ च्या अखेरीला कॅमेऱ्यात वाघ आला, तोही टिपेश्वरचा, पाचेकशे किलोमीटर चालून. मधे शेतं, हायवे, कालवे, रेल्वे, गावं. कुणी दिशा दाखवली नाही त्याला. तिला हे सांगा आणि नकाशा पुढं टाका, मोबाईलवरचाच, तो ती आनंदानं बघेल. तिला शोधू द्या की पांढरकवड्याहून येडशीपर्यंत लपत यायचं तर कुठल्या नदीच्या काठानं, कुठल्या डोंगराच्या रांगेनं येता येईल, कुठं रस्ता ओलांडावाच लागेल. आमच्या मोठीनं असंच गौताळ्याच्या वाघाचं केलं होतं, दोन रात्री जागून, आणि मग म्हणाली मला ती अमुक खिंड बघायचीय, तिथूनच आला असणार तो. तिथं वाघ आला होता की नाही देव जाणे. आम्ही पुढच्या रविवारी डबा घेऊन त्या खिंडीत जाऊन बसलो होतो.